पहिल्या जुलैची माणसं

वाशीमच्या तहसील कचेरीत त्या काळी निम्मी माणसं पहिल्या जुलैला जन्मलेली होती. चपराशी, दप्तरी, पाणक्या, गावोगावचे कोतवाल, सगळ्यांची जन्मतारीख तीच. नियमच तसा होता. नोकरीला लागणाऱ्याला जन्माचं साल अंदाजाने सांगता आलं, पण महिना-तारीख सांगता आली नाही, तर त्या सालची एक जुलै धरायची. आणि खेड्यातून आलेल्या माणसाला तारीख कुठून ठाऊक असणार? तो सांगायचा, पटकीची साथ आली तेव्हा मी रांगत होतो, किंवा थोरली विहीर खणली त्या उन्हाळ्यातला मी. त्यावरून हिशेब करून जे साल निघेल ते लिहायचं, त्यापुढे एक जुलै, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा.

हे लिहिणारा माणूस म्हणजे सोजरचे वडील, जानराव. आस्थापनेचं टेबल एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कोण कधी लागला, कोणाची किती रजा शिल्लक आहे, कोणाला ताकीद मिळाली, कोणाला कधी घरी जायचं, हे सारं त्यांच्या कपाटात असे. साहेब यायचे आणि बदलून जायचे, कपाट आणि जानराव तिथेच. घर माळ्यांचं. थोरला भाऊ अजून गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मेथी काढायचा. हातात लेखणी धरणारे त्या घरातले जानराव पहिले, म्हणून की काय, ते लेखणी फार जपून धरायचे. मळ्यातली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीसुद्धा त्यांनी कधी साहेबाच्या घरी जाऊ दिली नाही, आणि कोणाची आपल्या घरात येऊ दिली नाही.

सोजर लहान असताना पहिली जुलै हा एखादा सण आहे असंच समजायची. त्या दिवशी गोड काय करायचं, असं तिने एकदा आईला विचारलंही होतं. सीताबाई पदर तोंडाला लावून हसली होती आणि म्हणाली होती, "तुह्या बापाले इच्यार. सटवाईचं काम तेच करून राह्यले."

ती सीताबाई एकोणीसशे बत्तीसच्या भाद्रपदात गेली. सोजर कारंज्याला सासरी होती. आजारपणासाठी म्हणून आली, ती तेरावं झालं तरी राहिली. नवरा शाळामास्तर, समजूतदार. संक्रांतीपर्यंत राहा म्हणून त्याने लिहिलं होतं. जानरावांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी त्यांनीच दिला. दहाव्याला नदीवर न्हाव्याने डोकं आणि मिशी दोन्ही काढली. ते घरी आले तेव्हा दारात उभ्या असलेल्या सोजरने त्यांना क्षणभर ओळखलं नाही. शाळेतून मधेच बोलावून आणलेला एखादा मुलगा दिसावा तसे ते दिसत होते. तिने पाणी दिलं.

कार्तिकात अकोल्याहून काटकसरीचा हुकूम आला. दर तहसिलीने एक चपराशी कमी करायचा, आणि तो सर्वांत शेवटी लागलेला असावा. वाशीमला शेवटी लागलेले दोघे होते, नथ्थू आणि उदयसिंग. दोघेही इंझोरीचे, आणि एकाच दिवशी लागलेले. अशा वेळी वयाने मोठा तो वरचा, लहान तो खालचा. नोकरीच्या नोंदींचं पुस्तक उघडलं तर लागताना नथ्थूचं वय बावीस लिहिलेलं होतं, उदयसिंगचं एकोणीस.

रविवारी सकाळी दोघे मिळूनच घरी आले. वाशीमला ते एकाच खोलीत राहायचे, एका चुलीवर भाकरी भाजायचे. बायकापोरं गावी.

"बाबूसायेब, मी याच्याहून मोठा आहो," उदयसिंग ओट्यावर बसता बसता म्हणाला.

"अकलेनं का अंगानं, ते पैले सांग," नथ्थू म्हणाला.

"वयानं."

"वयानं कसा? माह्या मिशीत पांढरं आलं. तुह्या मिशीत दाखव बरं."

"तुही मिशी वयानं नाई पिकली गड्या. तुह्या बायकोच्या तोंडानं पिकली."

आत भाजी निवडत बसलेल्या सोजरला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते तिच्या लगेच लक्षातही आलं.

जानराव हसले नाहीत. "उदयसिंग, तू मोठा हे कशावरून?"

"माय सांगे. नथ्थू तुह्या पाठचा म्हने. आता माय नाई."

"अन् नथ्थू, तुले काय वाटते?"

"मले काय मालूम सायेब? माहा जलम मामाच्या गावचा. आमी दोघं धुळीत संगंच खेळलो. कोन मोठा अन् कोन लहान, ते कोनं पाह्यलं?" मग थोडं थांबून तो म्हणाला, "पुस्तकात हाये ना लिवलेलं. कोनं लिवलं ते?"

"मीच."

"मंग झालं," नथ्थू म्हणाला.

"कोनाले इच्यारून लिवलं?" उदयसिंगने विचारलं. आवाज साधा होता, तक्रारीचा नव्हता. पण जानरावांनी त्याला उत्तर दिलं नाही.

ते उत्तर त्यांनी सोजरला दिलं, दोन दिवसांनी. कोनाड्यातल्या आरशापुढे उभे राहून ते नवी फुटलेली मिशी कातरत होते. हात मधेच थांबला. सोजरला वाटलं, कात्री लागली.

"मानमोडीच्या सालची गोष्ट," ते आरशातच पाहत म्हणाले. "कचेरीतले दोन चपराशी त्या तापात गेले. त्यांच्या जागी हे दोघं आले. त्या दिवशी माझ्यापुढे गावोगावच्या कोतवालांची धरून अकरा पुस्तकं होती. मेलेल्यांची बंद करायची, नव्यांची उघडायची. मी कोणालेच विचारलं नाही. वर पाह्यलं अन् लिहिलं. नथ्थूले दाट मिशी होती, मी बावीस लिहिलं. उदयसिंगचं डोकं अन् मिशी काढलेली होती. त्याचा बाप जाऊन बारा दिवस झाले होते. पोरगं दिसत होता. मी एकोणीस लिहिलं."

सोजरने त्यांच्याकडे पाहिलं. दारात तिने त्यांना ओळखलं नव्हतं, त्या दिवसाची गोष्ट दोघांनीही काढली नाही.

तहसीलदारसाहेब चांगला माणूस होता. जानरावांचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पुस्तकात आहे ते पाठवा. एकदा लिहिलेली जन्मतारीख फिरवायची म्हणजे अकोल्यापर्यंत लिहावं लागेल, आणि चूक कोणाची हे आधी विचारतील. दोन वर्षं राहिली तुमची. कशाला उकरता?" हे जानरावांनी जेवताना सोजरला सांगितलं, जसं ते सीताबाईला सांगायचे. वर हेही सांगितलं की इंझोरीच्या पाटलाकडचं त्या सालचं जन्माचं रजिस्टर वाळवीने खाल्लं आहे. आता हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, गावची सुईण. तिनेच प्रयागबाईचं, म्हणजे उदयसिंगच्या आईचं, बाळंतपण केलं होतं.

"मग तिले विचारा," सोजर म्हणाली.

"ती गोजराबाई. नथ्थूची माय."

सोजरचा घास हातातच राहिला.

जानरावांनी तीन दिवसांची रजा टाकली. कचेरीचं काम म्हणून जाता आलं असतं, पण चूक आपली आहे तर रजाही आपलीच जावी, असं त्यांचं म्हणणं. निघताना सोजरला म्हणाले, "बाळंतपणाचं विचारणं बाईनं केलेलं बरं. तू चाल संगं."

मंगरूळपर्यंत मोटार, पुढे बैलांची दमणी. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. अर्धी वाट झाल्यावर सोजर वडिलांकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, आधी विचारू. कशासाठी ते मागून सांगू."

जानराव बैलांकडे पाहत राहिले.

"तिले आधी सांगतलं तं ती खरं कायले सांगीन? कोणतीच माय सांगणार नाई."

"हो," ते म्हणाले. त्या होकाराचा अर्थ काय, ते सोजरला कळलं नाही.

गोजराबाई पडवीत कापसातली काडी-पानं वेचत बसली होती. सत्तरीला टेकलेली, पण हात झरझर चालत होते. कचेरीचा बाबू दारात पाहून तिचे हात थांबले.

"नथ्थू बरा हाये ना?"

"बरा आहे, बरा आहे," जानराव घाईने म्हणाले. "ही माझी पोरगी, सोजर."

"बस माय. सीताबाई गेली म्हने. नथ्थू सांगत होता, मोठी हासरी बाई होती." तिने सुनेला, नथ्थूच्या बायकोला, हाक मारून गूळ-पाणी आणायला लावलं. सून पाणी देऊन पुन्हा वेचणीला शेतात निघून गेली. सोजर गोजराबाईजवळ बसली आणि सवयीने कापसातली पानं काढू लागली. चार गोष्टी झाल्या. कारंज्याचं सासर, मूल अजून का नाही, पायाला भेगा पडल्यावर काय लावायचं. मग आता विचारायला हरकत नाही असं वाटून सोजरने तोंड उघडलं, तोच जानराव बोलले.

"गोजराबाई, मी एक विचारायले आलो. पण कशासाठी ते आधी सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. एक जागा कमी होणार, एकाच दिवशी लागलेले दोघं, वय, पुस्तक, आपण न विचारता कसं लिहिलं ते. काही झाकलं नाही. सोजर खाली मान घालून बोंडाला चिकटलेला कापूस सोडवत राहिली. वडिलांचा राग आल्याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

गोजराबाईने हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे मी एक बोलली तं माहा पोरगा घरी येते. दुसरं बोलली तं प्रयागचा."

"हो."

"हे मले आंधी कायले सांगतलं? गुपचूप इच्यारलं असतं तं मी बोलून गेली असती. मले काय माईत होतं?"

"म्हणूनच सांगतलं."

"लय सरळ मानूस हा तुमी," ती म्हणाली, आणि त्यात कौतुक नव्हतं. "लिवलं तुमी. इच्यारलं नाई तुमी. अन् तेरा वर्सानं ते गाठोडं आनून माह्या डोक्शावर ठेवलं. म्हंजे तुमाले झोप लागीन."

जानरावांचा चेहरा उतरला. सोजरने त्यांना कचेरीत कधी पाहिलं नव्हतं, पण साहेबासमोर चूक सापडल्यावर ते असेच दिसत असतील, असं तिला वाटलं. काही क्षणांनी ते उठले.

"तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "मी विचारलं ते परत घेतो. तुमी काही सांगू नका. मी अंदाजानं लिहिलं एवढंच वर कळवीन, पुढे साहेबांची मर्जी."

ते दमणी जुंपायला सांगायला बाहेर गेले. सोजर उठू लागली तसा गोजराबाईने तिचा हात धरला. तिला आत चुलीपाशी नेलं. आत कोणीच नव्हतं, तरी तिने आवाज उतरवला.

"छपन्नाच्या दुकायात, तेहतीस वर्सं होत आली, नथ्थू झाला, पौषात, माह्या मायेरी. महिन्याचा घेऊन इथं आली. मले थेंबभर दूध नव्हतं. घरात खायालेच नव्हतं, दूध कुठून येते? पोरगा रडे बी ना, एवढा वाळला होता. तवा प्रयागचा उदय बसायले लागला होता. मृगाच्या तोंडी मीच सोडवली होती तिले. ती रोज सरपनाच्या बहान्यानं ओढ्यावर ये, अन् एकीकडं त्याले, एकीकडं याले घे. तीन महिने. माह्या सासूले माईत नाई, घरधन्याले माईत नाई, नथ्थूले माईत नाई. माहं दूध आटलं हे कोनाले सांगाव वाटे ना." ती थांबली. "उदय मोठा हाये. सहा-सात महिन्यानं. आता तुले सांगतलं. बापाले सांगाचं का नाई ते तू पाह्य."

"मावशी, मले कायले सांगता?"

"तुह्या बापानं माह्या डोक्शावर ठेवलं ना," गोजराबाई म्हणाली. "मी तुह्या डोक्शावर ठेवून राह्यली. मी म्हातारी हाव. माह्यानं नाई उचलत."

परतीच्या वाटेवर जानराव स्वतःहून बोलले. "ती म्हणाली ते खरं. मी खरेपणानं सांगायले नाई, मोकळं व्हायले गेलो होतो." सोजरने हं म्हटलं. तिच्या डोळ्यापुढे नथ्थू येत होता, ओट्यावर बसून मिशीवर बोट फिरवणारा. त्याची लेकरं, ती नुकतीच पाहिलेली सून, वेचणीचे काळे झालेले हात. ती गप्प राहिली तर नथ्थू राहणार होता. उदयसिंग तर तसाही पुस्तकातून गेलेलाच होता. नव्याने कोणी त्याला धक्का देणार नव्हतं. किती सोपं होतं ते. आई असती तर तिने काय केलं असतं, असा विचार तिने करून पाहिला, आणि आईचा आवाज काही केल्या आठवेना. त्याने ती जास्त घाबरली.

मंगरूळला मोटारीच्या अड्ड्यावर कडुलिंबाखाली बसून त्यांनी शिदोरी सोडली. तिथे तिने सांगितलं. दुधाचं सोडून सगळं. मग वडील काहीच बोलेनात, तेव्हा दुधाचंही.

जानरावांनी भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. "तिनं स्वतःहून सांगतलं?"

"हो."

"तिचं नाव कागदावर येणार नाई. नथ्थूच्या कानावर तर नाईच नाई."

"मग साहेब कशावरून मानतील?"

"माझ्या चुकीवरून," ते म्हणाले. "खालच्या माणसानं मी चुकलो असं लिहिलं की साहेब लोक लगेच मानतात. तेवढं तरी सोपं आहे सरकारात."

तो कागद त्यांनी घरीच तयार केला. सोजरने दिव्याच्या काचा पुसता पुसता तो वाचला. विचारपूस न करता, केवळ सुतकातल्या माणसाच्या रूपावरून वय कमी लिहिलं. आता चौकशी करता उदयसिंग हा वयाने मोठा ठरतो. चूक सर्वस्वी लिहिणाऱ्याची आहे. एवढंच. इंझोरीचं नाव नाही, ओढ्याचं नाही, कोण्या बाईचं नाही. तिने आजवर पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण इतकं काही गाळून लिहिलेलं तिच्या वाचनात आलं नव्हतं.

महिन्याने उत्तर आलं. उदयसिंगला ठेवावं, नथ्थूला कमी करावं, आणि कारकून जानराव यांना हयगयीबद्दल ताकीद देऊन तशी नोंद त्यांच्या पुस्तकात घ्यावी. कचेरीतल्या सगळ्यांच्या ताकिदी ज्याने लिहायच्या त्यानेच ही लिहिली. रंग उडालेल्या पुठ्ठ्याचं आपलं पुस्तक काढलं, इतरांच्या असतात तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत नोंद केली, आणि साहेबाच्या सहीला ठेवलं. बाकीचं पान कोरं होतं, असं ते घरी येऊन म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले.

पट्टा आणि पितळी चपरास कचेरीत जमा करून नथ्थू संध्याकाळी घरी आला. एकटाच. ओट्यावर बसला नाही. सोजरने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तांब्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"तेरा वर्सानं याद आली म्हने तुमाले."

"हो," जानराव म्हणाले.

"माह्या मायले जाऊन इच्यारलं. मागं गावी गेलो तवा मी तिले पुसलं. तं माय म्हने, मी त्याईले सांगतलं मले काही याद नाई. बरोबर हाये ना?"

सोजरने दाराची चौकट धरली. जानराव म्हणाले, "बरोबर आहे. त्यांना काही आठवत नव्हतं."

"मंग कोनाले आठोलं?"

"मला."

"माय नाई म्हनते, पाटलाचं बुक वाळवीनं खाल्लं, अन् तुमाले एकल्याले आठोलं." नथ्थू हसला. "बाबूसायेब, आमी सारे म्हनो, या घरात कोनाची सांभाराची काडी येत नाई. उदयसिंगनं काय आनून देल्लं? सांगा ना. आता मी कुठी चपराशी हाव? मी कोनाले सांगतो?"

सोजर एक पाऊल पुढे आली. सगळं तिच्या जिभेवर होतं. पौष, मृग, ओढा, तीन महिने. एका वाक्यात तिच्या बापाचं नाव धुऊन निघालं असतं. जानरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, खुणावलं नाही, काहीच केलं नाही. ते नथ्थूकडेच पाहत उभे होते, खाली मान न घालता.

"काही दिलं नाही त्यानं," ते म्हणाले. "पण तुले तसं वाटलं तं मी तुले बोल लावणार नाई."

काहीतरी आणखी लागेलसं बोलायचं नथ्थूच्या मनात होतं, पण ते त्याला सापडलं नाही. मग खांद्यावरचं गाठोडं त्याने सारखं केलं. "उद्याच्या मोटारीनं जातो," तो म्हणाला. "कापूस हाये अजून वेचाले. माय अन् बायको दोघी किती करतीन." आणि गेला.

तो वळणापलीकडे जाईपर्यंत दोघे उभे होते. सोजरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते रागाचं होतं की कशाचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मी सांगणार होती," ती म्हणाली.

"माईत आहे मले."

"तो आता सगळीकडे तसंच बोलीन. कचेरीत, गावात."

"बोलू दे. दोन वर्षं राह्यली माझी." जानराव ओट्यावर बसले. नव्या मिशीवरून त्यांनी हात फिरवला. "गोजराबाई नाई म्हणाली त्याले, ते बरं केलं. नोकरी गेली त्याची. घरी जायले माय तं पाहिजे."

नथ्थूने न घेतलेला तांब्या सोजरने उचलला आणि ती स्वयंपाकाला लागली.